इंदूला समजलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. दोन्ही लेकींजवळ नाही, माहेरी बहिणीजवळ नाही. देवाजवळ तरी कसं बोलणार — त्यात देवाचाच संबंध आहे. म्हणून तुमच्याजवळ बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचून झालं की उठून आपल्या कामाला लागाल. ते बरं.

मी शिकलेली नाही, हे आधी सांगते. चौथीपर्यंत शाळा, तीही पारोळ्याकडच्या खेड्यात. लग्न होऊन सुरतेला लिंबायतमध्ये आले. गुजराती मी वाचून शिकले — दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या, गाठिया ज्यात बांधून यायचे तो कागद. गाठिया पोरींना आणि कागद मला. तेलाचा डाग पडला असेल तिथलं अक्षर अंदाजाने लावायचं. आमच्या गल्लीत सगळी खानदेशची माणसं. पुरुष कापडाच्या लूमवर, म्हणजे मागावर, जाऊन थोडं हिंदी, थोडं गुजराती उचलायचे. बायका घरात साड्यांचे धागे कापत बसायच्या, त्यांची अहिराणी काही सुटायची नाही. मग डॉक्टरकडे जायचं असो, शाळेत जायचं असो — आक्काला घ्या सोबत. समोरचा गुजरातीत बोलायचा, मी अहिराणीत सांगायची. समोरच्याचं सोपं करून, आमच्या बाईचं जरा चांगलं करून.

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? दोन माणसांच्या मध्ये उभं राहिलं की दोघंही आपल्या तोंडाकडे बघतात. एरवी विधवा बाईच्या तोंडाकडे कोण बघतं? मालक गेल्यावर तर तेवढाच माझा मान उरला होता.

इंदू माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर — त्याला सगळे नाना म्हणत — लूमवर होता. त्यांना एक लेक. त्यांची खोली मागे, माझी पुढे, ओटा एकच. इंदू माझ्यापेक्षा बरीच लहान. जिभेची तिखट, हाताची चपळ. धागे कापायला बसली की माझी एक साडी होईपर्यंत तिच्या दोन व्हायच्या, वर मला म्हणायची, आक्का, तुमची कात्री गुजराती वाचत बसते वाटतं. तिला साखरेचा आजार निघाला — पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं होतं — तेव्हा नाना घरभर सांगत सुटला, "हिच्या तोंडात कधी साखर सापडली नाही, सगळी रक्तात साठवून ठेवली हिने." इंदू म्हणाली, "तुमच्यापासून लपवायला तेवढीच जागा होती." असं होतं आमचं. हसणारं घर होतं.

सुरतेत प्लेग आला त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्यानंतर शहर साफ करून रस्ते रुंद केले होते.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कानबाई आमची खानदेशची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवायची. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून कलशावर मांडायची, रोटाचा नैवेद्य, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला न्यायची. आमच्या घरची रीत अशी की कानबाई उचलणारी बाई सवाष्ण हवी, आणि तिने शनिवारच्या रात्रीपासून विसर्जन होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. सासूबाई होत्या तोवर हे सगळं गावाकडे व्हायचं. त्या गेल्या, आणि भाऊबंदकी म्हणाली, सगळी माणसं सुरतेत, कानबाईला गावात एकटी कशाला ठेवता? सुरतेला आणा. कुणाच्या घरी? थोरल्याच्या. म्हणजे माझ्या दारात.

मी विधवा, मी उचलू शकत नव्हते. पण मांडव माझ्या दारात पडणार होता. पुढच्या खोलीत कानबाई बसणार होती आणि उपास इंदू धरणार होती. मी भिंतींना रंग लावून घेतला. गावाकडे निरोप धाडले. तुम्हाला वाटेल, यात एवढं काय? पण मालक गेल्यापासून माझ्या दाराशी हळदीकुंकवाला कुणी थांबलं नव्हतं. त्या दारात सगळी भाऊबंदकी वाकणार होती.

भेस्तानला आमचे एक चुलत दीर राहत. त्यांचं नवं घर, पुढे मोकळी जागा. त्यांच्या बायकोला इंदूच्या आजाराचं कळलं, तशी ती मला म्हणाली, "आजारी बाईला कशाला उपाशी मारता? कानबाई आमच्याकडे आणा, मी धरते उपास." बोलणं गोड होतं. पण मला त्यातलं काय टोचलं ते मलाच माहीत. मी म्हटलं, इंदूला काही झालेलं नाही, थोडी साखर आहे, ती कुणाला नसते?

त्याच आठवड्यात इंदूला घेऊन मी डॉक्टरकडे गेले. जुनी गोळी लागू पडत नव्हती. डॉक्टर उधन्याकडचे, गुजराती, चांगला माणूस — हे मी मुद्दाम लिहिते. दवाखान्यात गर्दी होती, तरी त्यांनी नवी, जोरदार गोळी लिहून दिली आणि हातातलं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बेन, एने बराबर समजावी देजो. आ गोळी पर उपवास नई करवानो. परसेवो वळे, हाथ ध्रूजे, तो तरत खांड खवडावी देवानी." म्हणजे — या गोळीवर उपास करायचा नाही. घाम फुटला, हात कापायला लागले, तर ताबडतोब साखर चारायची. आणखीही म्हणाले. पोट रिकामं असताना ही गोळी साखर इतकी खाली नेते की माणूस बरळतं, बेशुद्ध पडतं, जीवसुद्धा जातो. मी मान हलवत होते. इंदू बाजूच्या स्टुलावर बसली होती, पदराचं टोक दातात धरून, एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या.

बाहेर आलो. तिने विचारलं, "काय सांगं डाक्टरनी?"

मी म्हटलं, "सकायले एक, संध्याकायले एक. खाडा करू नको."

बस. एवढंच.

विसरले असेन का मी? गडबड होती, रिक्षा धरायची होती — पुष्कळ वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले. विसरले म्हणा, मनातून निसटलं म्हणा. पण निसटलेली गोष्ट अशी शब्दनशब्द आठवते का? मी विसरले नव्हते. पायरीवर तिने विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर भेस्तानचं ते मोकळं अंगण आलं, आणि मी अर्धं सांगितलं. जे अर्धं माझ्या कामाचं होतं ते. मनात म्हटलं, दीड दिवसाचा तर उपास आहे, काय होतंय? मी जवळ आहेच. कानबाई झाली की सगळं सांगेन.

कानबाई बसली. कशी बसली म्हणून सांगू. गल्लीत लोक मावेनात. भेस्तानवाली आली, वाकली, मांडवाकडे बघून काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मी प्रसादासारखं खाल्लं. इंदू रविवारी तरतरीत होती. उपासाला चहा चालायचा, तो साखरेचा ती तीन-चारदा प्याली, त्यावर निभलं असेल. हे मला नंतर इस्पितळात कळलं. तेव्हा मला वाटलं, बघ, काही होत नाही. डॉक्टर लोक उगीच घाबरवतात.

सोमवारी सकाळी कानबाई उठवायच्या आधी आमच्यात चूल पेटवत नाहीत. म्हणून चहा नाही. इंदूने नवं लुगडं नेसलं, हातात हिरवा चुडा भरला, आणि निघताना मला म्हणाली, आक्का, गोळी राहिली. खाडा करायचा नाही ना. मी आत गेले. गोळी काढली. तांब्यात पाणी आणलं. माझ्या हाताने दिली.

हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. पुढे लिहिते.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. तिथवर पायी मिरवत न्यायचं, मग टेम्पोने तापीवर. डफ वाजत होते, बायका फुगड्या घालत होत्या, म्हणून चार पावलांना अर्धा तास लागत होता. इंदूच्या डोक्यावर कानबाई. मध्येच ती थांबली. डोळे वेगळे झाले. अंग थरथरायला लागलं, मान डोलायला लागली, तोंडातून काहीबाही यायला लागलं — कुणाचं नाव, शिव्या, मग हसू. भेस्तानवालीनेच पहिली हाक दिली, "कानबाई आंगमा उनी." देवी अंगात आली. डफ वाढले. कुणी तिच्या डोक्यावरची कानबाई सांभाळली, कुणी कपाळाला हळद लावली, कुणी लिंबू ओवाळलं. बायका पायावर पडून विचारायला लागल्या — आई, माझ्या लेकीला दिवस जातील का? आई, मालकाची दारू सुटेल का? इंदू बरळत होती आणि त्या त्यातून उत्तरं काढत होत्या.

मीही वाकले. तिच्या पायांना हात लावला.

पाय बर्फासारखे गार होते. आणि ओले. घाम घोट्यापर्यंत ओघळत होता.

परसेवो वळे, हाथ ध्रूजे.

मला तिथेच आठवलं. तिच्या पायाशी, वाकलेली असतानाच. माझ्या दुसऱ्या हातात प्रसादाचं ताट होतं, त्यात साखर होती, गूळ होता. चिमूटभर तिच्या जिभेवर ठेवायची होती, एवढंच काम होतं. मी उभी राहिले. आणि गप्प राहिले. सगळ्या भाऊबंदकीपुढे काय म्हणायचं होतं मी — ही देवी नाही, हा आजार आहे? विसर्जनाआधी हिचा उपास मोडा? मग कुणी विचारलं असतं, आक्का, तुला हे माहीत होतं तर तू हिला उपाशी ठेवलीस कशी? तो प्रश्न मला ऐकू आला, कुणी विचारायच्या आधीच. म्हणून मी ताट धरून उभी राहिले. किती वेळ? मला सांगता येत नाही. डफाचा एक ठेका संपून दुसरा सुरू झाला होता, एवढं आठवतं.

मग ती पडली. दातखीळ बसली. तेव्हा कुठे मी गूळ घेऊन धावले. तो तिच्या ओठांवरच राहिला, आत गेलाच नाही.

इस्पितळात बाटल्या चढवल्या. ती जगली. पुष्कळ दिवस बेशुद्ध होती, मग हळूहळू डोळे उघडले, पण जी इंदू गेली होती ती परत आली नाही. उजव्या हाताला पकड राहिली नाही. कात्री धरता येईना. शब्द सापडायचे नाहीत, चमच्याला ती "ते" म्हणायची, आपल्या लेकीच्या नावाच्या जागी माझं नाव घ्यायची. सकाळी काय बोललो ते दुपारी पुसलेलं असायचं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, मेंदूला साखर पोचली नाही, फार वेळ पोचली नाही. फार वेळ — हे शब्द त्यांनी सहज म्हटले.

काही महिन्यांनी नानाला लूमवरच्या कुणीतरी सांगितलं की अशा गोष्टींची दाद मागता येते. वकील गाठला. कोर्टाजवळच्या एका जिन्यावर त्याची खोली होती. नाना, इंदू आणि मी गेलो — मी अर्थातच, बोलायला कोण? वकील म्हातारा होता, आमच्याशी हिंदीत बोलला, शांतपणे, एकेक गोष्ट उलगडून. पैसे देऊन इलाज घेतला असेल तर पेशंट हा ग्राहक होतो, ग्राहकांच्या अदालतीत तक्रार करता येते. औषधाने काय घातक होऊ शकतं हे आधी सांगणं डॉक्टरचं काम आहे. सांगितलं नसेल तर भरपाई मागता येते. इस्पितळाचे कागद सांभाळा, मुदत असते, उशीर करू नका. आणि दवाखान्यात जो हजर होता त्याची साक्ष लागेल. मी नानाला सगळं सांगत होते, काही न वगळता. किती नीट सांगत होते मी त्या दिवशी.

मग वकिलाने मला विचारलं, डॉक्टरने उपासाबद्दल सांगितलं होतं का?

नाना माझ्याकडे बघत होता. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. पण मी खरं बोलले. म्हटलं, हो, सांगितलं होतं. निर्दोष माणसावर आळ घातला नाही, म्हणून नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःची पाठ थोपटत राहिले. बघा माणसाचं मन. पाठ थोपटायला कुठेही जागा शोधतं.

वकिलाने पेन खाली ठेवलं नाही. म्हणाला, नुसतं सांगून होत नाही. पेशंटला समजेल असं सांगावं लागतं, तिच्या भाषेत. नाहीतर ते सांगणं धरत नाहीत. आणि इंदूकडे बोट करून मला विचारलं, "इनको समझ में आया था?"

इंदू खुर्चीत बसली होती. पंख्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हां. समझ में आया था."

हा माझा गुन्हा. न सांगणं एक, ताट धरून उभं राहणं दोन, पण त्या दोन्हींत मला म्हणता आलं असतं की मी घाबरले. हे मी खुर्चीवर बसून, पाणी पिऊन, विचार करून बोलले. खरं बोलले असते तर खटल्याचं काय झालं असतं, मला माहीत नाही. डॉक्टर सुटले असते, अडकले असते, काय ठाऊक. पण एक गोष्ट नक्की झाली असती. दोष इंदूचा नाही, हे नानाला कळलं असतं.

वकिलाने हात जोडले. म्हणाला, मग यात काही राहत नाही. पेशंटने ऐकलं नाही, त्याला अदालत काय करणार.

घरी आल्या आल्या नानाने इंदूला विचारलं, "तुले सांगेल व्हतं ना? मंग उपाशी का ऱ्हायनी?" तिला काही आठवत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. तिची वेणी घालायचा, तिला भरवायचा, लूमची पाळी बदलून घेतली होती तिच्यासाठी. पण भरवताना घास हातात धरून म्हणायचा, सांगितलं होतं तुला. कुणी पाहुणा आला की म्हणायचा, हट्टी बाई, सांगितलेलं ऐकलं नाही. त्याला ते म्हटल्याशिवाय घास भरवता यायचा नाही, असं झालं होतं.

आणि ती मला विचारायची. दुपारी मी ओट्यावर धागे कापत बसले की ती शेजारी येऊन बसायची आणि म्हणायची, "आक्का वं, डाक्टरनी माले सांगेल व्हतं का?"

मी म्हणायची, हो.

"मंग मीच नही आयकं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला आठवायचंच नाही की काल विचारलं होतं. तुमच्या लक्षात येतंय का मी काय सांगते ते? एकदा खोटं बोललं की ते परत घ्यायला माणसाला तोंड राहत नाही, असं म्हणतात. मला ती रोज नव्याने संधी द्यायची. रोज कोरी. कालचं खोटं तिच्याजवळ नसायचं. मी एका दुपारी जरी म्हटलं असतं, नाही इंदू, तुला नव्हतं सांगितलं, मीच नाही सांगितलं — तर ती रागावली असती, रडली असती, संध्याकाळपर्यंत विसरलीही असती. एवढं स्वस्त होतं ते. आणि मी रोज "हो" म्हणत राहिले. काही दिवस तर धाग्यावरून नजरही उचलली नाही.

गल्लीतल्या बायका मला डॉक्टरकडे नेतच राहिल्या. मी जातच राहिले.

मग पुढे कधीतरी तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरली, सुटले. तसं नव्हतं. एकदा गल्लीतली एक नवी सून ओट्यावर आली होती. तिच्या सासूला साखर निघाली होती, चतुर्थीचा उपास सोडायला ती तयार नव्हती, म्हणून म्हातारीला समजावायला सून मला बोलवायला आली होती. मी काही म्हणायच्या आत इंदूने तिचा हात धरला, डाव्या हाताने. आणि ती बोलायला लागली. तिला एवढं सलग बोलताना मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"माले आक्कानी सांगं व्हतं," ती म्हणाली. "रिक्षामा बठीसन सांगं. इंदू, या गोळीवर उपास करू नको, डाक्टर नही म्हने. दोनदा सांगं. मी हासनी. मी म्हनं, कानबाई काय मारी टाकी का माले?"

मी तिला रिक्षात बसून सांगितलं होतं. दोनदा. ती हसली होती.

त्या सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

इंदू खोटं बोलत नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी, मी आणि नानाने, तिला जे सांगितलं त्यातून तिने ती रिक्षा, तो रस्ता, माझं सांगणं, स्वतःचं हसणं सगळं जुळवलं होतं, आणि आता ते तिला आठवत होतं. दुसरं फारसं काही आठवत नव्हतं, हे आठवत होतं. नंतर ती ते कुणालाही सांगायची. भेस्तानवाली आली तिलाही सांगितलं. माझ्याकडे बोट करून सांगायची, कौतुकाने. आक्काने जीव तोडून सांगितलं होतं म्हणायची. शेवटच्या आजारात तिला नानाचं नाव सापडत नव्हतं, पण हे सापडत होतं.

तेच आठवत ती गेली. नानाही आता नाही.